चौथा पट्टा

"घाई करू नकोस. आधी पितळ तापू दे, मग तार लाव," ते म्हणाले.

"तापलंय."

"तुला कसं कळलं?"

"अहो, नाक आहे ना मला. वास येतोय."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर लाकडी फळी, आणि फळीवर टाचण्या ठोकून पितळेच्या दोन पट्ट्या पक्क्या केलेल्या. मी सोल्डरची तार टेकवली. कथलाचा थेंब चमकला, पसरला आणि सांध्यात गडप झाला. शेजारच्या खुर्चीत हे दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून बसले होते. सांधा निवल्यावर त्यांनी भिंग मागितलं. मी ते त्यांच्या हातात दिलं नाही, त्यांच्या डोळ्यासमोर धरलं. असं करायचं हे आमचं न बोलता ठरलं होतं.

"बरा आहे," ते म्हणाले.

आमच्या संसारात 'बरा आहे' याच्या वरचं कौतुक मला एकदाच मिळालं होतं, तेही लग्नाआधी. त्यामुळे मी खूश झाले आणि पुढचा सांधा करायला घेतला.

काय करतोय हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगते. आम्ही गाडी बांधत होतो. तळहाताएवढी. तिच्या पोटात एक छोटी मोटर असते आणि पुढे खाली एक खुंटी, तिला आमच्याकडे जीभ म्हणतात. प्लायवुडच्या रस्त्यात खाच कोरलेली असते. जीभ त्या खाचेत बसते. खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी चिकटवलेली असते, तिच्यातून वीज येते. आपल्या हातात एक चाप. दाबला की गाडी पळते, जास्त दाबला तर वळणावर खाचेतून सुटून उडते. मग वळणाशी उभा असलेला माणूस ती उचलून परत खाचेत ठेवतो. एवढंच. एवढ्यासाठी चार शहाणे बाप्ये एकोणीस वर्षं दर रविवारी सकाळी घराबाहेर पडत होते, आणि त्यांच्या बायका त्यांना शहाणे समजत होत्या.

चौघांपैकी एक कुलूपवाला. त्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत तो रस्ता मांडलेला होता, भिंतीपासून भिंतीपर्यंत. दुसरा बेकरीवाला, अंगानं मोठा आणि मनानं त्याहून. तिसरे भूगोलाचे मास्तर, जे कुठेही वेळेवर पोचत नाहीत. आणि चौथे आमचे हे. हे दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचे, म्हणून मित्रमंडळींत यांचं नाव कवळी. मला आधी राग यायचा. मग मीही चिडले की मनातल्या मनात तेच म्हणायला लागले.

पण हात मात्र असे होते, की काय सांगू. लोकांच्या तोंडाचा साचा घ्यायचा, मेणात दात रचायचे, एकेक दात चिमटीत धरून केसभर इकडे, केसभर तिकडे. चौतीस वर्षं हे काम केलं. तीच कला गाड्यांत उतरली. गाडीचं वरचं कवच हे मेणात कोरायचे, प्लास्टरमध्ये साचा काढायचे आणि हिरड्यांसाठी वापरतात त्या गुलाबी मसाल्यात ओतायचे. म्हणून यांची प्रत्येक गाडी गुलाबी. इतरांच्या निळ्या, पिवळ्या, काळ्या गाड्यांमध्ये ही हिरडीसारखी गाडी पळायची आणि बहुतेक वेळा पहिली यायची. खोलीत फळ्यावर निकाल लिहायचे, नावांनी नाही, खुणांनी. कुलूपवाल्याची खूण किल्ली, बेकरीवाल्याची पाव, मास्तरांची पृथ्वीचा गोळा, यांची दाढ. प्रत्येकाने आपली खूण आपल्या गाडीच्या पोटावर कोरायची. तसा नियम होता.

नियमांवरून आठवलं. त्या खोलीच्या भिंतीवर तीन नियम लावले होते, मास्तरांच्या अक्षरात. पहिला, गाडी स्वतःच्या हाताने बांधावी. दुसरा, पडलेली गाडी वळणावरचा माणूस ठेवील, बाकीच्यांनी थांबू नये. तिसरा, आपापला कप आपण विसळावा. तिसरा कुणी पाळत नव्हतं. पहिल्या दोहोंचे चौकीदार आमचे हे. पाच वर्षांपूर्वी बेकरीवाला एक नवी गाडी घेऊन आला. शर्यतीआधी सगळ्या गाड्या उलट्या करून तपासायची पद्धत, आणि तपासणारे हेच. यांनी ती गाडी पालथी केली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे सांधे तुझे नाहीत." बिचाऱ्याच्या मेव्हण्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्याने सोल्डर करून दिलं होतं. गाडी बाद. एवढा मोठा माणूस, दिवसभर वळणावर उभा राहून दुसऱ्यांच्या गाड्या उचलत होता. घरी आल्यावर मी विचारलं, इतकं ताणायची गरज होती का? तर म्हणाले, "त्याचे स्वतःचे सांधे चांगले असतात. हे त्याहून चांगले होते. म्हणून तर कळलं."

मग दोन वर्षांपूर्वी यांचा उजवा हात हलायला लागला. आधी कपातला चहा बशीत. मग सही. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, असतं काही जणांना, औषधाने थोडं कमी होईल. थोडंच कमी झालं. लॅबमध्ये यांनी दात रचायचं काम दुसऱ्यांकडे सोपवलं आणि तपासनीस झाले. लोकांना वाटलं बढती मिळाली. मित्रांना यांनी सांगितलं, कामाचा ताण आहे, रविवारी जमत नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी जायचे, खिशात हात घालून उभे राहायचे, जुन्या गाड्यांवर बोलायचे आणि परत यायचे. आल्यावर दुपारभर कुणाशी बोलायचे नाहीत. मला ते बघवायचं नाही.

म्हणून मीच एका शनिवारी यांचा पितळेचा डबा टेबलावर आणून ठेवला.

"काय करायचं ते तोंडाने सांगा," मी म्हटलं. "हात माझे घ्या."

मी चष्म्यांच्या दुकानात काम करते. फ्रेममध्ये काचा बसवायच्या, मुंगीएवढे स्क्रू आवळायचे, लोक ज्यावर बसतात ते चष्मे सरळ करायचे. सत्तावीस वर्षं झाली. माझ्या हातांना बारीक कामाची सवय आहे हे घरात कुणाला सुचलंच नव्हतं, मलासुद्धा नाही. पहिले चार सांधे वाया गेले. पाचवा जमला. चाकांचे स्पंजचे टायर यांच्या लॅबमधून आणलेल्या जुन्या लेथवर धरून गोल घासायला मला महिना लागला. मेणाचं कवच कोरताना तर आमचं भांडणच झालं.

"नाक जरा खाली घे."

"घेतलं."

"जास्त झालं."

"मग स्वतः करा ना," मी बोलून गेले, आणि जीभ चावली.

ते उठले, खिडकीशी गेले, परत येऊन बसले. "खालीच राहू दे," म्हणाले. "वाऱ्याला बरं."

चालवून बघायला पलंगाखाली एक छोटा गोल रस्ता होता, दोन फळ्यांचा. तो जोडायचा आणि गाडी फिरवायची. यांच्या बोटाने चाप धरला की गाडी धक्के खात जायची, म्हणून चापही माझ्याकडे आला. रोज संध्याकाळी दुकानातून आल्यावर अर्धा तास. हे शेजारी स्टुलावर. "नळ सोडतेस तसा सोड. वळणाआधी बंद कर, वळणात नाही. आणि एक लक्षात ठेव, दुसऱ्याची गाडी उडाली की नवशिक्याचं बोट आपोआप सैल पडतं. तुझं पडता कामा नये."

"मला कशाला सांगताय? मी कुठे शर्यतीत उतरणार आहे?"

"सांगून ठेवतो."

माझ्या डोक्यात साधा हिशोब होता. गाडी यांची, हात फक्त उसने माझे. वर्षातली मोठी शर्यत आली की हे ती घेऊन जातील, कुणाला पत्ता लागणार नाही, फळ्यावर दाढ उमटेल आणि माझा माणूस मला परत मिळेल. पहिला नियम मला आठवत नव्हता असं नाही. पण नवऱ्याच्या तोंडावर हसू बघायला मिळत असेल तर मी दहा नियम गिळले असते, खरं सांगते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी दुकानातून आले तर हे टेबलाशी बसलेले. समोर गाडी पालथी, हातात टोकदार सळई, डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलेलं. कपाळावर घाम.

"खूण कोरली," म्हणाले.

मी बघायला वाकले. दाढ नव्हती. दोन गोल होते, मध्ये एक कमान, बाजूंना दोन दांड्या. रेघा नागमोडी गेल्या होत्या, एक गोल दुसऱ्यापेक्षा मोठा झाला होता. पण चष्मा होता, यात शंका नाही.

"हे काय केलंत?"

"तुझी खूण."

"अहो, गाडी तुमची आहे."

"सांधे कोणी केले? टायर कोणी घासले? मी बेकरीवाल्याला दिवसभर उभं केलंय. आता माझ्याच गाडीच्या पोटावर खोटं कोरू?" मग खूण निरखून म्हणाले, "जरा वाकडा आलाय."

"चेहऱ्यावर बसवून देईन सरळ," मी म्हटलं. दुसरं काय बोलणार?

"उद्या तुला यायचंय. ज्याची गाडी तो चालवतो."

"आणि तुम्ही?"

"मी वळणावर उभा राहीन. रस्त्याला चार खाचा, म्हणजे चार पट्टे आहेत आणि आम्ही चौघं. एकाला वळणावर उभं राहावंच लागायचं, म्हणून चौथा पट्टा एकोणीस वर्षांत भरला नाही. उद्या भरेल."

मला रात्रभर नाही, पण बऱ्यापैकी काळजी लागून राहिली. माझी नाही, यांची. वळणावर उभं राहायचं म्हणजे पडलेली गाडी उचलून तिची जीभ सुतासारख्या अरुंद खाचेत नेमकी बसवायची. ज्या हातात चहाचा कप स्थिर राहत नाही त्या हाताने. आणि तेही तिघा मित्रांच्या देखत, ज्यांना काहीच माहीत नाही.

रविवारी सकाळी आम्ही जिना चढलो. कुलूपवाल्याने मला बघून खुर्ची पुढे केली. त्याला वाटलं मी बघायला आले. मास्तर अर्थातच आले नव्हते. ते आल्यावर सगळ्या गाड्या टेबलावर मांडल्या गेल्या आणि सवयीने सगळे यांच्याकडे बघायला लागले.

"आज तू तपास," हे बेकरीवाल्याला म्हणाले.

बेकरीवाल्याने एकेक गाडी पालथी केली. गुलाबी गाडीपाशी थांबला. त्याचं जाडजूड बोट सांध्यांवरून फिरलं, आणि त्याने यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू पाच वर्षं तो या क्षणाची वाट बघत असावा. पण आवाज अगदी हळू होता.

"हे सांधे तुझे नाहीत."

"नाहीत. खाली खूण बघ."

त्याने खूण बघितली, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे. "वहिनी, तुमचे?"

"माझे."

"कितवा प्रयत्न?"

"पाचवा."

"मला नऊ लागले होते," तो म्हणाला आणि गाडी माझ्या हातात दिली. "चौथा पट्टा तुमचा."

शर्यत चार डावांची असते. दर डावाला सहा मिनिटं, दर डावानंतर पट्टे बदलायचे, म्हणजे वाईट पट्टा सगळ्यांच्याच वाट्याला येतो. आम्ही चौघं एका बाजूला चाप घेऊन उभे. समोर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या वळणाशी हे. मास्तरांनी घड्याळ लावलं आणि गाड्या सुटल्या.

पहिली दोन मिनिटं मला काही दिसलंच नाही, गुलाबी ठिपक्याशिवाय. नळ सोड, नळ बंद कर. मग बेकरीवाल्याची पिवळी गाडी मोठ्या वळणावर उडाली आणि यांच्यासमोर जाऊन पडली.

यांनी ती उचलली. खाचेवर धरली. हात हलला, जीभ खाचेच्या बाजूला टेकली. पुन्हा धरली. पुन्हा चुकली. गाडी तांब्याच्या पट्टीवर टकटक वाजायला लागली, दाराची कडी कुणी घाईने वाजवावी तशी. इतके दिवस कामाचा ताण म्हणून ज्यावर पांघरूण घातलं होतं ते भर सकाळी उघड्यावर आलं. मला ते ऐकवेना.

डावीकडची एक मोटर बंद झाली. मास्तरांची निळी गाडी सरळ रस्त्यावर उभी राहिली. मग कुलूपवाल्याची काळी. दोघांनी बोटं काढली होती. दोघं खाली बघत होते, आपापल्या चपलांकडे.

खोलीत आता एकच आवाज होता, माझ्या गाडीचा.

माझंही बोट सैल पडायला आलं होतं. नवरा आहे माझा, दगड नाही मी. पण मला त्यांचा आवाज आठवला, तुझं पडता कामा नये. आणि हेही कळलं की ते मला गाडीबद्दल सांगत नव्हते. त्यांना हे दिसलं होतं, आधीच, असंच. त्यांना माहीत होतं की त्यांचे मित्र चांगले आहेत आणि म्हणून थांबतील. मी चाप दाबला. गुलाबी गाडी वळणावर आली आणि त्यांच्या थरथरत्या बोटांच्या शेजारून, वीतभर अंतरावरून निघून गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. त्यांनी मान वर केली. थांबलेल्या दोन गाड्या पाहिल्या, मग पळणारी एक पाहिली. मग माझ्याकडे बघितलं. मी नजर रस्त्यावर ठेवली, कारण तिथेच ठेवायची असते.

यांनी कोपर फळीच्या कडेवर टेकलं, डाव्या हाताने मनगट धरलं आणि गाडी बसवली. "ठेवली," म्हणाले. तसं म्हणायचा रिवाज आहे.

डाव संपला तेव्हा मी पाच फेऱ्यांनी पुढे होते. मग कुलूपवाला म्हणाला, "वहिनी, जरा थांबायला हवं होतं."

"का?" मी विचारलं.

तो चापाची वायर सोडवायला लागला. मास्तर मदतीला आले. "मला वाटलं फ्यूज उडाला."

"फ्यूज उडाला तर चौघांचा उडतो," हे वळणावरून म्हणाले. आवाज वाढवला नव्हता, पण असा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. "मास्तर, दुसरा नियम वाचा. अक्षर तुमचंच आहे."

मास्तरांनी वाचला नाही. चष्मा काढून पुसायला लागले.

"माझा हात हलतो," हे म्हणाले. "दोन वर्षं झाली. लपवलं, ते चुकलं. आता यापुढे या वळणावर मी असेन. गाडी ठेवायला मला वेळ लागेल. ज्याची पडेल त्याचा वेळ जाईल. ज्याला वेळ घालवायचा नसेल त्याने पाडू नये."

पहिल्यांदा हसला तो बेकरीवाला. त्याचं पोट हलायला लागलं, मग आवाज आला. "म्हणजे मेलोच मी," तो म्हणाला. "दर फेरीला पडतो."

"म्हणून तर म्हणतोय."

पट्टे बदलले. दुसऱ्या डावात मास्तरांची गाडी पडली. टकटक झाली. कुलूपवाल्याने माझ्याकडे चोरून बघितलं, मग दात आवळून चाप दाबला. तिसऱ्या डावात त्याची स्वतःची पडली, आणि आम्ही तिघं त्याच्या तोंडावरून सरळ पुढे गेलो. त्याने यांना एक शिवी दिली, चांगली ठेवणीतली. यांनी तशीच परत दिली. मला इतकं बरं वाटलं त्या शिवीने की विचारू नका. दोन वर्षं घरात सगळे यांच्याशी जपून बोलत होते.

चौथ्या डावात माझी पडली. शेवटची दोन मिनिटं राहिली होती, मी दोन फेऱ्यांनी पुढे होते, आणि डोक्यात जिंकण्याचं वारं शिरलं. वळणात नळ सोडलेलाच राहिला. गुलाबी गाडी उडाली, फळीच्या कडेला आपटली आणि यांच्या पायाशी पडली. हे वाकले. उचलली. आधी पालथी करून सांधे बघितले, फुरसतीत. सगळे जागेवर होते. कवचाला एक चीर गेली होती, तिच्यावरून अंगठा फिरवला. मग खाचेवर धरली.

टकटक.

मी चापावरून बोट काढून उभी. पडलेल्याने तसंच उभं राहायचं असतं. पिवळी, निळी आणि काळी गाडी त्यांच्या हाताशेजारून जात होती, येत होती, एकदाही मंद न होता. माझ्या दोन फेऱ्या गेल्या, तिसरी गेली, चौथी गेली. मला घाई नव्हती. घड्याळाकडेही मी बघितलं नाही. मी त्या हाताकडे बघत होते, आणि आयुष्यात कुठल्याही गोष्टीचा वाटला नसेल इतका अभिमान मला त्या क्षणी वाटत होता. यांचा, माझा, आणि थांबत नसलेल्या त्या तीन शहाण्यांचाही.

"ठेवली," ते म्हणाले.

मी तिसरी आले. पहिला आला बेकरीवाला, एकोणीस वर्षांत दुसऱ्यांदा. त्याने फळ्यावर निकाल लिहायला खडू उचलला, थबकला आणि तो यांच्या हातात दिला. निकाल लिहायचं काम कायम यांचंच होतं. यांनी खडू घेतला, डाव्या हाताने मनगट धरलं आणि सावकाश पाव काढला, मग किल्ली, मग दोन गोल, एक कमान, दोन दांड्या. खाली पृथ्वी. तोवर मास्तर कोपऱ्यातल्या मोरीवर स्वतःचा कप विसळत होते.

चष्मा फळ्यावरही वाकडाच आला. कुणी पुसून नीट काढला नाही. अजून तसाच आहे.